कित्ता आणि अनुताप : बेथेलच्या निमित्ताने

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांतील तालुके एकत्र करून जालना जिल्हा अस्तित्वात आला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा जिल्हा ओळखीचा आहे तो जांबमुळे. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव. याच जिल्ह्यात जालना शहराजवळ बेथेल ही एकोणिसाव्या शतकात वसविलेली ख्रिस्ती वसाहत आहे. वाङ्मयेतिहासात मात्र तिला जवळजवळ स्थान नाही. ते साहजिकही म्हणता येईल, कारण बेथेलमधून एखादे 'अरुणोदय' किंवा एखादी 'स्मृतिचित्रे' बाहेर आली नाही. तथापि स्वतःचे जीवन तपासून ते ख्रिस्ताच्या जीवनासारखे करू पाहणे या साधनेला मराठीत कोणते रूप मिळाले आणि कोणते मिळू शकले नाही, हा प्रश्न विचारावयाचा झाल्यास बेथेल ओलांडून जाता येत नाही.

आत्मपरीक्षणाची भाषा मराठीला मिशनऱ्यांनी दिली, हा समज आता टिकण्यासारखा नाही. अनुताप हा शब्द, आणि शब्दाहून महत्त्वाचे म्हणजे त्या भावाचे वाङ्मयीन रूप, रामदासांच्या करुणाष्टकांत पूर्ण सिद्ध झालेले आहे. 'मनाच्या श्लोकां'त स्वतःच्या मनाला समोर बसवून त्याची उलटतपासणी करण्याची रीत आहे. 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणांचा समास वाचताना तर श्रोत्याला दुसऱ्याकडे बोट दाखवीत दाखवीत स्वतःपाशी येऊन थांबावे लागते. तिकडे गोव्यात रामदासांच्या बालपणीच, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' राइतूर येथे छापले गेले होते. या दोन परंपरांची भेट झाली नाही. पण ख्रिस्ती मराठी गद्य जेव्हा पश्चात्तापाविषयी बोलू लागले तेव्हा ते ज्या भाषेत बोलले ती भक्तिकाव्याने आधीच मऊ केलेली होती, हे लक्षात घ्यावयास हवे.

भेद दिसतो तो पुढच्या पायरीवर. अनुतापानंतर काय? भक्ताला रामासारखे व्हावयाचे नसते. त्याला रामाचा दास व्हावयाचे असते. वारकऱ्याला विठ्ठलाचे अनुकरण करावयाचे नसते, त्याला भेट हवी असते. आराध्याच्या मानवी चरित्रातील कृती आठवून आठवून आपले आचरण त्यावर बेतावयाचे, ही रीत मराठीत महानुभावांनी जोपासली, परंतु ती पंथाच्या सांकेतिक लिप्यांत दीर्घकाळ बंद राहिली. ख्रिस्ती परंपरेत मात्र अनुकरण हे साधनेचे केंद्र आहे. पौलाच्या पत्रांपासून पंधराव्या शतकातील टॉमस आ केम्पिसच्या ग्रंथापर्यंत त्याची अखंड साखळी दिसते. मराठीत अडचण अशी की 'अनुकरण' या शब्दाला, निदान समीक्षेत, कधीच प्रतिष्ठा मिळाली नाही. अनुकरण म्हणजे नक्कल, स्वतंत्र प्रतिभेचा अभाव.

येथे मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतरातील एका शब्दाकडे लक्ष जाते. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, ख्रिस्ताच्या पावलांवर पाऊल ठेवण्याचा उपदेश आहे तेथे, 'कित्ता' हा शब्द योजलेला आहे. मूळ ग्रीक शब्द 'हुपोग्रामोस'. त्याचाही अर्थ मुलांना गिरविण्यासाठी घालून दिलेला अक्षरांचा नमुना असाच आहे. भाषांतरित मराठीची जी थट्टा होत आली तिला हा शब्द उत्तर ठरावा. कित्ता गिरविणाऱ्या मुलाचे अक्षर वळणदार नसते. ते पुनःपुन्हा ओळीबाहेर जाते, आणि ओळीबाहेर गेले हे त्याला नमुन्याकडे पाहूनच कळते. आत्मपरीक्षण आणि अनुकरण यांचा अन्योन्यसंबंध याहून नेमका सांगता येणार नाही. मात्र त्या अध्यायाचा संदर्भ विसरता कामा नये. हा उपदेश तेथे सर्वांना सारखा केलेला नाही. अन्यायाने मार खाणाऱ्या घरच्या चाकरांना तो केलेला आहे.

बेथेलचे संस्थापक नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुटुंबातले. १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या सहवासात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचे प्रकरण न्यायालयात गेले आणि अज्ञान म्हणून त्याला वडिलांच्या हवाली करण्यात आले. पुढे त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी केलेला खटाटोप आणि त्यावर सनातनी मंडळींनी माजविलेले काहूर महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सुधारणेच्या इतिहासात त्याची नोंद जांभेकरांच्या धैर्याखाली होते. आत्मपरीक्षणाच्या इतिहासात ते वेगळे दिसते. न्यायालयाने मुलाचे वय तपासले, धर्मसभेने त्याचे अन्नपाणी तपासले, प्रायश्चित्ताचा विधी कोणता यावर शास्त्रार्थ झाला. मुलाला काय वाटत होते हा या सर्वांत गौण मुद्दा होता. प्रायश्चित्त इतरांच्या देखत करावयाचे असते, पश्चात्ताप एकट्याने. मराठी गद्यात 'मी'चे अंतरंग मांडण्याची निकड ज्या सामाजिक परिस्थितीतून आली तिचा हा एक ठळक नमुना होय.

ती निकड पूर्णत्वाला गेली बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'त. १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेले हे स्वलिखित चरित्र मराठीतील आद्य आत्मचरित्रांत मोडते. परमहंस सभेतील गुप्त जातिभंजनापासून १८५४ मध्ये बेळगावी घेतलेल्या बाप्तिस्म्यापर्यंतचा मनाचा प्रवास पदमनजींनी ज्या बारकाईने नोंदविला आहे तो त्यांच्या 'यमुनापर्यटना'तील (१८५७) प्रचारकी निवेदनाहून कितीतरी परिपक्व आहे. उत्तरवयातील निवेदक तरुण 'मी'ची भित्री चालढकल लपवीत नाही. बुद्धीला पटलेले आचरणात आणण्याचे धैर्य होत नाही, ही त्याची खरी व्यथा. पण पुस्तकाच्या शीर्षकातच त्याची मर्यादाही आहे. अरुणोदय म्हणजे दिवसाचा आरंभ. दिवस त्यानंतर चढतो आणि कलतो. कथनाचा सारा ताण बाप्तिस्म्याकडे ओढ घेतो. त्यापुढची रोजची ओढाताण, म्हणजे कित्ता गिरविण्याचे प्रत्यक्ष काम, या रचनेच्या कक्षेत फारसे येत नाही. परिवर्तनकथेचा हा दोष पदमनजींचा एकट्याचा नव्हे. ऑगस्टिनपासून तो त्या प्रकाराच्या बांध्यातच आहे.

बेथेल हे त्या 'पुढच्या' दिवसाचे नाव आहे. १८६० च्या दशकात नारायण शेषाद्री जालन्याला आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यातील लष्करी छावणीचे गाव होते. सालारजंगांच्या कारभारात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी ही वसाहत उभी केली आणि याकोबाच्या कथेतील 'देवाचे घर' हे नाव तिला दिले. येथे ख्रिस्ती झाले ते प्रामुख्याने मांग समाजातील लोक. गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वतःचे गाव, स्वतःचे प्रार्थनामंदिर, मुलांना शाळा आणि कसायला जमीन, एवढ्यावरून बेथेलचे महत्त्व सुरू होते. ज्या ब्राह्मणाने एकेकाळी जातीचे दार आपल्यामागे लावून घेतले त्याने उरलेले आयुष्य मांगांच्या सहवासात काढले. ख्रिस्तानुकरणाचा अर्थ कृतीने सांगावयाचा तर याहून सरळ उदाहरण त्या काळात क्वचितच मिळेल. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत शेषाद्री बोलले आणि पाश्चात्त्य जगात बेथेलचे नाव झाले.

नेमके येथेच वाङ्मयाचा इतिहास अडखळतो. शेषाद्रींचे शब्द परदेशी गेले, ज्यांच्याविषयी ते बोलले त्यांचे गेले नाहीत. मिशनच्या अहवालवाङ्मयात सामान्य धर्मांतरित येतो तो बहुधा संख्येत किंवा दृष्टांतात. तेथे त्याचे आत्मपरीक्षण इतर कोणीतरी करून ठेवलेले असते. निरक्षरता हे याचे एक कारण, पण पुरेसे कारण नव्हे. आत्मदोषकथनाचा साचा ज्याच्यासाठी घडला तो माणूस समाजात निर्दोष मानला जाणारा असतो. आपण चांगले आहोत हे त्याला आजवर सांगितले गेलेले असते, म्हणून 'मी पापी आहे' हा त्याचा शोध ठरतो. मांगाला हे वाक्य जन्मापासून दुसऱ्यांनी ऐकविलेले होते. गावात चोरी झाली तर पहिला संशय त्याच्यावर. त्याने ते पुन्हा स्वतःच्या तोंडाने म्हणण्यात शोध कोणता? आणि निमूट सोसणे हा कित्ता असेल तर तो त्याच्या पाठीवर आधीच गिरविलेला होता.

रेव्हरंड टिळकांनाही कबुलीच्या पलीकडे जाण्याची गरज भासली होती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बोलाविले; दोनच वर्षांत ते वारले. त्यांच्या अभंगांत ख्रिस्ताची ओढ वारकरी सुरात येते, पण तो सूर पुन्हा भेटीचा आहे, गिरविण्याचा नाही. गिरविणे दिसते ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त. सोवळेओवळे मनातून कसे गेले हे त्या कोणत्याही शास्त्रार्थाविना सांगतात: विचार, आणि त्यापाठोपाठ दुसऱ्याच्या हातचे पाणी. स्वतःला हसता येणे हा येथे आत्मपरीक्षणाचाच प्रकार आहे, आणि पदमनजींच्या गंभीर गद्याला तो साधला नव्हता. तरीही लक्ष्मीबाईंना सोडण्यासाठी काहीतरी होते. सोवळे त्यांच्या घरात होते.

बेथेलमधील माणसाचे आत्मकथन कसे झाले असते याचा अंदाज बांधण्यासाठी अधिक जवळचा मजकूर वसाहतीच्या स्थापनेपूर्वीचा आहे. १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतील मांग विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत छापला गेला. नुकतीच अक्षरे गिरवू लागलेल्या या मुलीने स्वतःच्या पापांची यादी केलेली नाही. तिने ब्राह्मणांच्या वेदाधिकाराची तपासणी केली, पेशवाईतील छळ सांगितला, आणि आपला धर्म कोणता ते कळव अशी ईश्वराकडे मागणी केली. हे ख्रिस्ती नियतकालिक होते, आणि वाचक तिच्या तोंडून पश्चात्ताप ऐकण्याच्या अपेक्षेत असणे शक्य होते. तिने परीक्षेची दिशा उलटी केली. आत्मपरीक्षणाच्या परंपरेत हा निबंध बसत नाही म्हणून तो सामाजिक लेखनाच्या प्रकरणात ठेवला जातो; परंतु शुभवर्तमानांतील येशूही मंदिरातील सराफांचे चौरंग उलथून टाकतो, आणि कित्त्याची ती ओळ ख्रिस्ती मराठी गद्याने फार क्वचित गिरविली आहे.