सोलापूरचा माळ रिकामा कोणी ठरवला?

१. नियोजित प्रकल्पाच्या जागी संकटग्रस्त वन्यप्राणी आहेत की नाहीत, हा प्रश्न आज पर्यावरणीय अहवालातील एका तक्त्यात मिटवला जातो. सोलापूरच्या माळावर मात्र या प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि ‘येथे काही नाही’ हे उत्तर अनेकदा पाहणीआधीच लिहिले गेले आहे. हा धागा त्याविषयी.

२. १८२४ च्या सुमारास मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीचे काम सोपवले. त्या कामात त्याने प्राण्यांच्याही नोंदी केल्या. १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची त्याची यादी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने छापली. त्यात लांडग्याला ‘कॅनिस पॅलिपेस’, म्हणजे फिकट पायांचा, असे नाव दिले होते. खोकडाचे ‘कॅनिस कोक्री’ हे नाव तर थेट मराठीवरूनच घेतले होते. भारतीय लांडगा शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला तो याच पठारावरून.

३. त्यानंतर चारच वर्षांनी, १८३५ मध्ये, शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी जमीन मोजणी सुरू केली. मातीचा पोत आणि खोली पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरू लागली, आणि पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. उथळ, मुरमाड माळ या क्रमवारीत तळाशी गेला. ज्यातून सारा मिळत नाही ती ‘पड’. त्या नोंदवहीत गवतावर जगणाऱ्या काळविटाला किंवा त्यामागे फिरणाऱ्या लांडग्याला जागा असण्याचे कारणच नव्हते.

४. लांडग्याची सरकारी मोजदाद झाली ती मेलेला प्राणी म्हणून. त्याला मारणाऱ्यास बक्षीस मिळत असे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अभ्यासानुसार १८७५ ते १९२५ या काळात ब्रिटिश भारतात दोन लाखांहून अधिक लांडगे मारले गेले.

५. स्वातंत्र्यानंतरही ‘पडीक’ हा शब्द टिकला. माळाकडे नव्याने पाहिले गेले ते एका पक्ष्यामुळे. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात माळढोक आढळला आणि १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याच्या आश्रयाने काळवीट, लांडगा आणि खोकड यांनाही संरक्षण मिळाले.

६. परंतु या सीमेत शेकडो गावे, शेते आणि रस्तेही आले. जमिनीचे व्यवहार अडले, लोकांचा रोष वाढला, आणि तो अनाठायी नव्हता. २०१२ मध्ये क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. सीमा आखली होती एका पक्ष्यासाठी, आणि तो पक्षी विरळ होत गेला होता. वगळलेला माळ कागदावर पुन्हा ‘सामान्य’ झाला. लांडग्याचे फिरणे मात्र अधिसूचनेने थांबत नाही.

७. ते कसे असते, हेही नान्नजनेच शिकवले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे सतीश कुमार आणि त्यांच्यानंतर बिलाल हबीब यांनी येथील लांडग्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा शोधनिबंध पिल्लांच्या स्थलांतराविषयी आहे: लांडगे आपली पिल्ले एका बिळातून दुसऱ्या बिळात हलवत राहतात. म्हणजे आज रिकामे दिसलेले बीळ कालपर्यंत नांदते असू शकते.

८. आता कायद्याकडे पाहू. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना १९९४ ची, सध्याची २००६ ची. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडगा आणि काळवीट दोघेही आहेत. ते प्रकल्पस्थळी आढळले, तर संवर्धनाचा आराखडा द्यावा लागतो. तेव्हा सारे काही ‘आढळले’ या एका शब्दावर येऊन ठेपते.

९. अनेक प्रकल्पांत पावसाळा वगळून एकाच ऋतूची पाहणी पुरेशी मानली जाते. लांडग्याची पिल्ले प्रामुख्याने हिवाळ्यात जन्मतात, आणि माणसांच्या सहवासात तो बहुधा रात्री वावरतो. उन्हाळ्यातील चार दिवस, भर दुपारी, गाडीतून केलेली पाहणी त्याला चुकवणारच. त्यातच त्याची पाऊलखूण कुत्र्याच्या खुणेशी इतकी जुळते की अननुभवी माणूस ती सहज कुत्र्याच्या नावे लिहून मोकळा होतो.

१०. उपाय अवघड नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाराष्ट्रातील सुमारे ८९ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात वन कर्मचाऱ्यांच्या मुलाखतींतून नोंदी गोळा केल्या गेल्या. निम्म्याहून अधिक भूभागावर लांडग्याचा वावर दिसला, आणि त्यातील बहुतेक भाग अभयारण्यांच्या बाहेरचा होता. रोज माळावर असणाऱ्या माणसाला विचारणे ही शास्त्रीय पद्धत ठरू शकते. ज्या धनगराची मेंढी गेली, त्याला लांडगा ‘आढळतो की नाही’ हे वेगळे सांगावे लागत नाही.

११. हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. बोरामणीच्या नियोजित विमानतळासाठी जमीन संपादित झाली, पण मधल्या वनजमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. सोलापूरकरांना विमानतळ हवा, ही मागणी रास्तच आहे. पण जागा ठरवण्याआधी वर्षभराची प्रामाणिक पाहणी झाली, तर जागा बदलणे स्वस्त पडते. जमीन घेतल्यानंतर तोच प्रश्न आला, की शहरही अडते आणि माळही.

१२. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या अहवालात ‘संकटग्रस्त सस्तन प्राणी आढळले नाहीत’ असे वाचाल, तेव्हा तीन गोष्टी विचारा. कोणत्या महिन्यात पाहिले? रात्री पाहिले का? मेंढपाळांना विचारले का? साइक्सने १८३१ मध्ये लांडगा नोंदवला, तेव्हा या माळाला कोणी रिकामा म्हटले नव्हते. तो रिकामा झाला तो नंतरच्या वह्यांत.