घर, दुकान आणि गांवची सत्ता

सातपुड्याच्या पायथ्याशीं, शहाद्याहून तोरणमाळाकडे जाणाऱ्या वाटेवर म्हसावद हें गांव आहे. जळगांवजवळचें आगगाडीचें स्थानक म्हणून जें म्हसावद प्रवाशांस ठाऊक असतें तें निराळें; हें नंदुरबार जिल्ह्यांतील, शहादा तालुक्यांतील. लढाया आणि तह यांच्या इतिहासांत अशा गांवांस सहसा स्थान मिळत नाहीं. तथापि राज्य बदललें म्हणजे त्याचा खरा अर्थ अशाच गांवीं कळतो, आणि तो तीन गोष्टींवरून कळतो. घर बांधावयास जागा कोण देतो, दुकानावरील कर कोण घेतो, आणि गोळा झालेला पैसा कोठें खर्च करावा हें कोण ठरवितो? या तीन प्रश्नांचीं उत्तरें गांवांतच मिळत असतील तर गांवास सत्ता आहे असें समजावें. तीं तीन ठिकाणीं विखुरलेलीं असतील तर गांवास सत्तेचें नांव तेवढें आहे. गेल्या दोनशें-अडीचशें वर्षांत हीं उत्तरें कशीं विखुरत गेलीं, हें येथें पाहावयाचें आहे.

पेशवाईंत ओसाड पडलेली वस्ती भरावयाची किंवा नवी पेठ वसवावयाची झाली म्हणजे सरकारांतून कौल देत असत. परगांवचे वाणी, उदमी, साळी, तेली येऊन घरें बांधून राहतील तर त्यांस ठराविक वर्षें कर माफ, आणि मुदत सरल्यावर तो रीतीप्रमाणें द्यावा, असा त्या कौलाचा सामान्य आशय असे. पेठ वसविण्याची खटपट करणाऱ्या शेट्या-महाजनांस बाजारांतील उत्पन्नावर हक्क मिळत. म्हणजे घरांची सोय, धंद्यावरील कर आणि स्थानिक अधिकार हीं तिन्ही प्रकरणें एकाच कागदांत येत. माफी संपली म्हणजे दुकानदार व कारागीर यांजवर मोहतर्फा बसे, आणि घरांवर घरपट्टी बसे. चावडीची डागडुजी, देवाचा उत्सव, आल्यागेल्याचा शिधा हा गांवखर्चही गांवच्याच हिशेबांत पडे.

हें चित्र रंगवितांना हात आंवरता ठेवला पाहिजे. ब्राह्मणांच्या व गांवकामगारांच्या घरांस घरपट्टींतून बहुधा सूट असे. महारवाडा गांवकुसाबाहेर राही, आणि डोंगरांतील भिल्ल तर त्या व्यवस्थेच्या हिशेबांतच नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' हा १९१५ चा ग्रंथ ज्यांनीं वाचला असेल, त्यांस जुन्या गांवाविषयीं भाबडा मोह पडणार नाहीं. गांव स्वतंत्र होतें याचा अर्थ गांवांतील प्रत्येक माणूस स्वतंत्र होता असा नव्हे. ही गोष्ट शेवटीं पुन्हां आपणांस आठवावी लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं खानदेशाची जी दैना झाली, तीत या भागाचें फार नुकसान झालें. परगण्याचें जुनें ठाणें सुलतानपूर हें याच तालुक्यांत. होळकरशाहीच्या धामधुमींत तें उजाड पडलें. १८१८ च्या जानेवारींत मंदसोरच्या तहान्वयें होळकरांनीं खानदेशावरील हक्क सोडला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा नव्या राज्याचा पहिला अधिकारी म्हणून आला. १८२५ सालीं भिल्लांच्या एजन्स्या स्थापन झाल्या, औट्रमनें भिल्ल पलटण उभी केली, आणि भिल्लांस जमीन व तगाई देऊन स्थायिक करण्याचे प्रयत्न सुरू झाले. वस्ती वसविण्याचें जुनेंच काम नव्या राज्यानें हातीं घेतलें असें वरकरणीं वाटतें. परंतु एक फरक होता. पूर्वीं कौल गांवाच्या किंवा पेठेच्या नांवें निघे. आतां बंदोबस्त साहेबाच्या कचेरींतून एकेका माणसाशीं होऊं लागला.

या इतिहासांतील निर्णायक वर्ष १८४४ हें होय. त्या वर्षाच्या १९ व्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील शहरजकाती आणि धंद्यांवरील व व्यवसायांवरील यच्चयावत् कर एकदम रद्द झाले. मोहतर्फ्याचा जाच ज्यांनीं सोसला होता त्या तेल्यास, साळ्यास, लोहारास यांत सुटकाच वाटली असेल, आणि ती खोटी नव्हती. त्या करांत दरांचा मेळ नव्हता आणि वसुलींत जुलूम होता. पण राज्यकर्ते एका हातानें सोडतात तें दुसऱ्या हातानें भरून काढतात. त्याच सुमारास मिठावरील कर मणामागें आठ आण्यांवरून एक रुपयावर नेण्यांत आला. सुरतेस दंगा उसळला, तेव्हां तो बारा आण्यांवर आणावा लागला. दुकानावरचा कर उठला आणि त्याची भरपाई गरिबाच्या भाकरीवरील मिठांतून झाली!

आमच्या मतें या घटनेचें महत्त्व केवळ रकमेंत नाहीं. दुकानावरील कर गांवाच्या डोळ्यांसमोर घेतला जातो. तो कोणी दिला, कोणी चुकविला, त्याचें पुढें काय झालें, हें चावडीवर विचारतां येतें. मिठावरील कर कोणासच दिसत नाहीं. तो मिठाबरोबर विरघळून जातो. जो कर दिसत नाहीं त्याचा हिशेब कोणी मागत नाहीं, आणि हिशेब मागण्याची संवय जेथें सुटली तेथें पंचांची सभा भरवूनही तिच्यापुढें काम उरत नाहीं.

पुढील अर्धशतकांत सरकारनें गांवास कर्तव्यें पुष्कळ दिलीं, पैसा मात्र दिला नाहीं. १८५० च्या २६ व्या कायद्यानें शहरांतील रहिवाशांस मागणी करून नगरव्यवस्था उभी करतां येऊं लागली. पण ती शहरांपुरती. खेड्यांकडून १८६९ च्या लोकल फंडाच्या कायद्यानें सारावसुलीच्या रुपयामागें एक आणा पट्टी घेऊं लागले. ती गांवोगांव गोळा होई आणि जिल्ह्याच्या ठिकाणीं जाई. तींतून रस्ते व शाळा होत हें खरें, पण कोणता रस्ता आणि कोठली शाळा हें ठरविणारे लोक गांवचे नसत. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ सालीं लोकल बोर्डें आलीं. तींही जिल्ह्यास व तालुक्यास येऊन थांबलीं. १८८९ सालीं ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला. गांवानें स्वच्छ राहावें ही आज्ञा उत्तम होती. झाडूवाल्याचा पगार कोठून द्यावा हा प्रश्न मात्र मागें राहिला. मध्यंतरीं १८७८ सालीं दुष्काळनिवारणाच्या निमित्तानें धंद्यांवर परवान्याचा कर बसला, तेव्हां सुरतेस पुन्हां दंगा झाला. व्यापारी मुळांत कर देण्यासच नाखूष असतात असें म्हणून हा प्रकार उडवून लावतां येत नाहीं. पैसा आपल्या पेठेंतून जातो आणि पेठेस कांहीं विचारावयाचा अधिकार नाहीं, हें शल्य त्याच्या मुळाशीं होतेंच.

१९०८ सालीं विकेंद्रीकरणाच्या चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनपुढें गोपाळ कृष्ण गोखले यांची साक्ष झाली, आणि १९०९ च्या अहवालांत खेड्यापासून स्वराज्याचा आरंभ करण्याची शिफारस आली. १९२० सालीं मुंबई इलाख्यांत ग्रामपंचायतींचा कायदा झाला, व १९३३ सालीं त्याहून विस्तृत असा दुसरा झाला. शंभर वर्षांनीं गांवास पुन्हां घरपट्टी बसविण्याचा अधिकार मिळाला. पण मधल्या काळांत संवय मोडली होती. पंच आणि करदाता एकाच गल्लींत राहणारे, एकाच विहिरीवर पाणी भरणारे; आपलेच दांत आणि आपलेच ओंठ. पंच घरपट्टी वाढवावयास धजेना, गांव ती भरावयास राजी होईना, आणि पंचायत रिकाम्या तिजोरीवर बसून राही. दोष लोकांच्या स्वभावाचा म्हणून सांगण्यांत येई. तो तितकाच त्या इतिहासाचा होता, हें आतां वाचकांच्या ध्यानांत आलें असेल.

स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानें घरें, दुकानें, दिवाबत्ती, सफाई, पाणी, यात्रा अशा कितीतरी बाबींवर कर बसविण्याची मुभा दिली. दरांच्या मर्यादा मात्र १९६० च्या नियमांनीं मुंबईहून ठरल्या. १९६२ सालीं जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वांत आल्या. पण धंद्यावरील कराचा ओघ उलटाच वाहत राहिला. १९७५ सालीं व्यवसायकर राज्यानें स्वतःकडे घेतला व स्थानिक संस्थांस तो बसविण्याची मनाई झाली. १९९९ सालीं नगरपालिकांची जकात गेली, आणि २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आल्यावर महानगरपालिकांच्या जकातीचाही शेवट झाला.

येथें न्यायानें दुसरी बाजू सांगितली पाहिजे. १९७५ चा व्यवसायकर रोजगार हमीच्या खर्चासाठीं बसविला होता. म्हणजे मुंबईच्या पगारदाराचा पैसा दुष्काळी भागांतील खडी फोडणाऱ्या मजुरापर्यंत जावयाचा होता. शहादा तालुक्यास याचें मोल विशेष आहे. कारण १९७०-७२ च्या सुमारास याच भागांत अंबरसिंग महाराज व श्रमिक संघटना यांच्या चळवळीनें भूमिहीन भिल्ल शेतमजुरांस मजुरी व बळकावलेल्या जमिनी यांसाठीं उभें केलें होतें. त्या मजुरास गांवच्या धनिकांनीं भरलेल्या पंचायतीपेक्षां दूरचें राज्य अधिक जवळचें वाटलें असेल, तर त्यास कोण दोष देईल? जुन्या कौलांत ज्याचें नांव नव्हतें तोच हा माणूस. दूरच्या सत्तेनें गांवांतील अन्याय कधीं कधीं मोडला आहे, हें कबूल केल्यावांचून गांवच्या सत्तेची तरफदारी करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

घरांच्या बाबतींत हा पेंच स्पष्ट दिसतो. १९८५ सालीं इंदिरा आवास योजना सुरू झाली, आणि २०१६ सालीं तिच्या जागीं प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना आली. सपाटीवरील घरास १ लक्ष २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागांतील घरास १ लक्ष ३० हजार रुपये ठरले. घर निदान २५ चौरस मीटरांचें असावें हेंही ठरलें. रक्कम सरळ लाभार्थ्याच्या खात्यांत जाते, ही मोठीच सुधारणा होय. मध्यस्थाची दलाली कमी झाली. पण यादी २०११ च्या गणनेवरून तयार झाली, रक्कम दिल्लींत ठरली, मापही दिल्लींत ठरलें. ग्रामसभेकडे यादी पडताळण्याचें काम आलें. आणि ज्याला स्वतःची जागाच नाहीं त्याचें काय? १८७९ च्या जमीन महसुलाच्या कायद्यानें गावठाणाची हद्द आंखण्याची रीत घालून दिली. वस्ती मात्र वाढत गेली. राज्यानें २०१५ सालीं जागा विकत घेण्यासाठीं साहाय्याची योजना काढली, यावरूनच घराआधीं जागेचा प्रश्न येतो हें मान्य झालें. ओसाड पेठ वसविणाऱ्या कौलांत जागा पहिली आणि कर शेवटीं येई. आतां पैसा पहिला येतो, जागा शोधावी लागते, आणि घर उभें राहिलें कीं त्याच्यावर पंचायतीची घरपट्टी बसते.

या पेंचांतून वाट काढण्याचा एक प्रयत्न या जिल्ह्यांत सुरू आहे. शहादा तालुक्यांतील कांहीं गांवें १९८५ च्या आदेशानें अनुसूचित क्षेत्रांत आहेत. अशा क्षेत्रासाठीं १९९६ सालीं संसदेनें पेसा कायदा केला, आणि महाराष्ट्रानें त्याचे नियम २०१४ सालीं केले. त्यांअन्वयें एखाद्या पाड्यासही आपली स्वतंत्र ग्रामसभा मागतां येते, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधींतील ५ टक्के रक्कम अशा पंचायतींस मोकळी देण्याचें ठरलें. येथें प्रथमच गांवची सत्ता गांवकुसाच्या आंतील चार घरांकडे न जातां पाड्याकडे जाण्याची शक्यता निर्माण झाली. ही गोष्ट लहान नव्हे.

तरीसुद्धां अनुदान तें अनुदानच. दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिणाऱ्यास किती प्यावें हें ठरवितां येत नाहीं. वरून आलेला पैसा गरिबाच्या कामीं यावा, तो थांबवावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. त्याच्या जोडीस थोडा पैसा गांवानें स्वतः बसविलेला, स्वतः वसूल केलेला आणि स्वतः हिशेब दिलेला असला पाहिजे, एवढेंच म्हणणें आहे. दुकानदारानें वर्षाकांठीं भरलेले कांहीं रुपये आणि घरकुलांत राहणाऱ्या मजुराच्या बायकोनें भरलेली अल्प घरपट्टी एकाच वहींत लागली, म्हणजे ग्रामसभेंत दोघांसही उठून विचारतां येतें: हा दिवा का लागत नाहीं, हें गटार का उपसलें नाहीं? पूर्वीं हा प्रश्न शेट्या विचारूं शकत होता. मजुराची बायको विचारूं शकत नव्हती. म्हसावदासारख्या गांवीं तो प्रश्न तिच्या तोंडून निघेल आणि पंचांस त्याचें उत्तर वही उघडून द्यावें लागेल, तेव्हां १८४४ सालीं सुटलेला धागा पुन्हां जोडला गेला असें म्हणतां येईल.