घरातील पहिली धर्मशिक्षिका

कोलवाळचा पूल ओलांडून शापोरा नदीच्या उत्तरेस आले की बार्देश संपतो आणि पेडणे महालातील धारगळ लागते. नदी लहान, परंतु इतिहासाने तिच्या दोन काठांत मोठे अंतर पाडले आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांतील धर्मप्रसार मुख्यत्वे तिसवाडी, बार्देश व साष्टी या जुन्या काबिजादींत झाला. डिचोली 1781 साली आणि पेडणे 1788 साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या हाती गेले, तेव्हा राज्यकर्त्यांची नीती पालटली होती. नव्या काबिजादीतील हिंदू प्रजेचा धर्म व रूढी यांना अभय देण्यात आले. म्हणून या भागात ख्रिस्ती घरे तुरळकच राहिली. चहूकडे मंदिरे आणि जत्रा असलेल्या मुलखात मुलाचा इवलासा हात धरून त्याला क्रुसाची खूण शिकविणे हे काम प्रथम आईचे झाले.

या आईचा इतिहास कोठे शोधावा? धर्मग्रामाच्या वहीत मुलाच्या स्नानसंस्काराच्या नोंदीपुरते तिचे नाव येते. आम्ही सेमिनरीत ख्रिस्तसभेचा जो इतिहास शिकलो तो आर्चबिशपांचा, धर्मसंघांचा आणि परिषदांचा. नवल असे की, आईचे सामर्थ्य ज्यांनी पुरते ओळखले ते तिच्यावर बंधने घालणारेच होते.

नदीपलीकडील बार्देशाचेच पाहा. 1684 साली व्हाइसरॉयने फर्मान काढून तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याची आज्ञा केली. 1736 च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने बाळंतघरातही पाऊल टाकले : बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्रीचे जागरण निषिद्ध ठरले, आणि लग्नातील ओव्याही. पुढे 1745 साली आर्चबिशप लोरेन्सु द सांता मारिया यांनी पोर्तुगीज न येणाऱ्यांच्या विवाहास मनाई केली. म्हणजे होणाऱ्या आईची जीभ आधी तपासावयाची! शासनाला व दुर्दैवाने ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांनाही एवढे कळले होते की, मूल जे शिकते ते चुलीपाशी शिकते.

आज्ञा निष्फळ ठरल्या. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. 1649 व 1654 मध्ये पुन्हा निघाले. त्यानंतर मात्र ते पुन्हा छापले गेले ते थेट 1907 साली, मंगळूरला. अडीचशे वर्षे छापखाना गप्प होता, आई गप्प नव्हती. ज्या ओवीला स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्राचे वाहन केले ती मुळात आमच्या आयाबायांच्या जात्यावरची. ग्रंथ दुर्मिळ झाला, पण कोकणी घरातून हद्दपार झाली नाही; प्रार्थनाही तिच्यातच पाठ होत राहिल्या.

दिवेलागणीला आंजेलुसची घंटा व्हावी, आईने पदराला हात पुसून वेदीपुढे दिवा लावावा, तेर्स सुरू व्हावा. एक मूल पेंगते, दुसरे भावंडाला चिमटा काढते, चुलीवर भात उतू जातो, आणि ‘नमो मरिये’ म्हणता म्हणता आई डोळ्यांनीच तिघांना सांभाळते. शेवटी प्रत्येक मूल थोरांपुढे हात जोडून बेसांव मागते. मुंबईला वा बोटीवर गेलेल्या बापाचे नाव प्रार्थनेत येते. तोही तिकडे धोबीतलावच्या कुडीत वेदीपुढे संध्याकाळचा तेर्स म्हणत असे, कारण तो कुडीचा नियमच होता. पण तोंडपाठ शब्द त्याला त्याच्या आईने दिलेले होते. अशा भक्तीला आम्ही शिकलेल्यांनी कधी कधी ‘पाठांतर’ म्हणून हिणविले आहे. ते चुकले. चित्त विचलित असूनही रोज गुडघे टेकणे यात जो विश्वास आहे तो पुष्कळदा आमच्या एकाग्र ध्यानातही नसतो.

संत पौलाने तीमथ्याला लिहिताना त्याची आजी लोईस व आई युनीके यांची नावे घेतली. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने 1964 च्या ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आणि मातापित्यांना श्रद्धेचे पहिले उद्घोषक मानले. धारगळच्या आईला ही संज्ञा ठाऊक नसेल. काम ठाऊक आहे.

आता त्याच रस्त्याने मोपा विमानतळाकडे गाड्या धावतात. 2023 च्या जानेवारीत तेथून उड्डाणे सुरू झाली. धारगळला आयुर्वेद संस्था उभी राहिली आहे. पाळीची नोकरी करणारी आई दिवेलागणीला घरी नसेल, तर आपण प्रवचनपीठावरून तिला आणखी एक कर्तव्य सांगणार काय? रविवारी मिस्सानंतर ती पोर कडेवर घेऊन ओशाळल्यासारखी म्हणते, ‘‘पाद्री, हल्ली तेर्स पुरा होत नाही.’’ तेव्हा तिला विचारावे, किती होतो. आणि ती ‘एकच दशक’ म्हणाली, तर तिच्या घरी जाऊन ते दशक तिच्या मुलांबरोबर आपणही म्हणावे.