आर-एक्सेल
‘आर’ ही सांख्यिकीसाठीची संगणकभाषा मायक्रोसॉफ्ट एक्सेलला जोडणारी पूरक प्रणाली. व्हिएन्ना विद्यापीठातील एरिश नॉयविर्थ यांनी ती विकसित केली. विंडोजवर दोन्हींमध्ये माहितीची ने-आण करणारा दुवा थॉमस बायर यांचा. ‘आर-एक्सेल’ची खरी ताकद ‘आरअप्लाय’ या सूत्रात आहे. चौकटीत हे सूत्र लिहून त्यात ‘आर’मधील फलनाचे नाव आणि आकडा असलेल्या चौकटीचा पत्ता दिला की, तो आकडा बदलताच उत्तर आपोआप बदलते. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्यामुळे सरासरी किंवा प्रमाण विचलन बदलून संभाव्यता कशी सरकते हे पाहता येते. अध्यापनात याचे मोल फार मोठे आहे. रिचर्ड हायबर्गर व नॉयविर्थ यांचा ‘आर थ्रू एक्सेल’ (२००९) हा ग्रंथ याच पद्धतीवर बेतलेला आहे. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच एक्सेलमध्ये ‘पायथन’ ही दुसरी संगणकभाषा आणली, मात्र तेथील आकडेमोड ‘आर-एक्सेल’प्रमाणे वापरणाऱ्याच्या संगणकावर न होता कंपनीच्या क्लाउडवर होते.