मोअज्जम जाही बाजार : परका की आपला?

परभणीच्या जुन्या पिढीला हैदराबादला जाणे म्हणजे परगावी जाणे वाटत नसे. ते राजधानीला जाणे असे. अपिलाचा निकाल हैदराबादला लागायचा, मोठ्या दुखण्याचा इलाज तेथे व्हायचा, मॅट्रिक झालेला हुशार मुलगा पुढे शिकायला तेथेच जायचा. गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबादला मनमाडशी जोडणारी मीटरगेज गाडी विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाली आणि परभणी, पूर्णा, सेलू ही नावे राजधानीच्या वेळापत्रकात आली. १९४८ साली निजामाचे राज्य संपले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. राजधानी पश्चिमेला गेली. रेल्वेची वाट मात्र तीच राहिली.

त्याच वाटेने आम्ही पाचजण गेल्या हिवाळ्यात हैदराबादला गेलो. चौघे मध्यम वयाचे होतो, पाचवे होते ऐंशी ओलांडलेले अण्णा. आमच्या यादीत एक बाजार होता. अण्णांनी गाडीतच विचारले, "पाहायला काय, तर निजामाचा बाजार? आपल्या मोंढ्यात बाजार कमी आहेत का?" प्रश्न थट्टेचा नव्हता. अण्णांचे वडील निजामाच्या तुरुंगात होते आणि १९४८ साली रझाकारांच्या भीतीने सारे कुटुंब सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेले होते. अण्णा तेव्हा आठ वर्षांचे होते. आम्ही त्यांना उत्तर दिले नाही, कारण आमच्यापाशी ते नव्हते.

रविवारी सकाळी गनफाउंड्रीच्या सेंट जोसेफ कॅथेड्रलमध्ये मिस्सा ऐकून आम्ही आबिड्सच्या रस्त्याने पायीच निघालो. नामपल्ली, जांबाग, बेगम बाजार अशा वस्त्यांकडे जाणारे रस्ते जेथे एकत्र येतात, त्या चौकाच्या कोपऱ्यावर करड्या ग्रॅनाइटची एक इमारत उभी आहे. कोपऱ्यावर मनोरा, मनोऱ्याच्या चारी बाजूंना घड्याळे, माथ्यावर घुमट. मनोऱ्यापासून दोन पंख दोन रस्त्यांच्या कडेने मागे जातात, त्यांत कमानींच्या रांगा आणि कमानींत दुकाने. मध्ये मोकळे आवार. सुमारे पावणेदोन एकर जागेत शंभरावर गाळे. हेच मोअज्जम जाही मार्केट.

हा बाजार कशातून जन्मला, हे आधी सांगितले पाहिजे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हैदराबादेतील हजारो माणसे वाहून गेली. पुराचा बंदोबस्त कसा करावा हे ठरविण्यासाठी पुढच्याच वर्षी अभियंते विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणे त्यातून उभी राहिली. पुरापाठोपाठ १९११ च्या सुमारास प्लेग आला. त्याच वर्षी मीर उस्मान अली खान गादीवर बसले आणि १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. कोंदट वस्त्या मोडणे, रस्ते रुंद करणे, गटारे बांधणे, उघड्यावर भरणाऱ्या बाजारांना पक्की जागा देणे ही या मंडळाची कामे. चारमिनारजवळची पत्थरगट्टीची दगडी कमानींची बाजारपेठ याच मंडळाची. निजामाचे दुसरे चिरंजीव मोअज्जम जाह पुढे मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९३५ साली पूर्ण झालेल्या या बाजाराला त्यांचे नाव मिळाले. तेव्हा येथे मुख्यतः फळे विकली जात. म्हणजे ज्या बाजाराकडे आपण आज राजेशाही थाट म्हणून पाहतो, तो मुळात रोगराईवरचा एक उपाय होता. उंच कमानी डोळ्यांना सुख देतात हे खरे. पण त्या हवा खेळावी आणि उन्हातान्हात फळांवर सावली असावी म्हणूनही आहेत.

अशा इमारतींच्या धाटणीला इंग्रजांच्या काळापासून कधी 'सॅरासेनिक', कधी 'मूरिश' म्हणण्याची रीत पडली. मूर म्हणजे ७११ साली आफ्रिकेतून स्पेनमध्ये उतरलेले मुसलमान. त्यांचे शेवटचे राज्य ग्रानाडा १४९२ साली पडले. कोर्डोव्याच्या मशिदीतील घोड्याच्या नालाच्या आकाराची कमान ही त्यांची खूण मानली जाते. परंतु गंमत अशी की, तसल्या कमानी स्पेनमधील व्हिसिगॉथ ख्रिस्ती राजांच्या चर्चमध्ये मूर येण्यापूर्वीच होत्या. सान हुआन दे बान्योस हे ६६१ सालचे चर्च त्याची साक्ष देते. मुरांनी ती कमान उचलली, आपली केली, फुलविली. पुढे ख्रिस्ती राजे परत आले, तेव्हा त्यांच्या चर्चचे आणि वाड्यांचे काम मुसलमान कारागिरांनीच केले आणि त्या कामाला 'मुदेहार' असे नाव पडले. मालागा शहरात तर एका मूर राजाच्या जहाजबांधणीच्या कारखान्याचा संगमरवरी दरवाजा शिल्लक होता. १८७० नंतरच्या दशकात तेथे लोखंडी खांबांची नवी मंडई बांधताना वास्तुविशारद रुकोबा यांनी तो दरवाजाच मंडईचे प्रवेशद्वार केला. आजही मालागातील बाया त्या दरवाजातून मासळी घ्यायला जातात. दरवाजा कोणाचा, हे त्या विचारीत नसाव्यात.

आमच्या बाजारात नालाची कमान नाही. येथील कमान टोकदार, दख्खनच्या मातीतली. तिचे पूर्वज आपल्याला चारमिनारात दिसतात, ते १५९१ साल. त्याही मागे गेलो तर गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील १३६७ सालची जामा मशीद. आवार उघडे न ठेवता सारीच छताखाली घेतल्यामुळे तिची तुलना नेहमी कोर्डोव्याशी केली जाते. तेव्हा 'मूरिश' हा शब्द अगदीच निराधार नाही, एवढेच म्हणता येईल. पण दुरून आलेले ते नाव आहे. कमान जवळची आहे.

इमारतीसमोर येताच अण्णा थांबले. "तुम्ही पाहून या. ज्यानं आमच्या बापाला तुरुंगात घातलं, त्याच्या पोराच्या नावाचा बाजार मला पाहायचा नाही." आम्ही आत गेलो खरे, पण मन बाहेर राहिले.

आत फळांचा घाऊक व्यापार आता नाही, तो १९८० च्या दशकात शहराबाहेर गड्डीअन्नारमला गेला. आज तेथे आइस्क्रीमची दुकाने आहेत, सुकामेवा आहे, अत्तरे आहेत, पानाचे ठेले आहेत. बाजाराला लागूनच १९५३ साली कराचीहून आलेल्या खानचंद रामनानी या सिंधी निर्वासिताने बेकरी उघडली. फाळणीने घर हिरावलेल्या माणसाने आपल्या गमावलेल्या शहराचे नाव दुकानाला दिले आणि त्या नावाची बिस्किटे आज सर्वत्र जातात. मधली कित्येक वर्षे ही इमारत फलक, पत्र्याची छपरे आणि तारांच्या जाळ्याखाली गुदमरली होती, दगड काजळीने काळा पडला होता. २०१८ साली तेलंगण सरकारने दुरुस्ती हाती घेतली आणि ऑगस्ट २०२० मध्ये दगडाचा मूळ रंग पुन्हा दिसू लागला.

आम्ही परत आलो तो अण्णा एका अत्तराच्या दुकानात खुर्चीवर बसलेले. काय झाले ते त्यांनीच नंतर सांगितले. ते उन्हात उभे होते. दुकानदाराने हाक मारली, "चचा, धूप में नक्को खडे रहो, अंदर आ के बैठो." त्या 'नक्को'ने अण्णा हलले. परभणीच्या गल्लीतला शब्द होता तो. आपले 'नको' दखनी बोलीत जाऊन 'नक्को' झाले. आपला जोर देणारा 'च'ही तेथे गेला आणि 'वैसाइच', 'ऐसाइच' म्हणू लागला. कुठून आलात, असे त्याने विचारले. परभणी म्हणताच तो म्हणाला, "तुराबुल हक साहब के उरूस को आते रहते हम." अण्णांनी आयुष्यभर पाहिलेला तो उरूस. मग दोघांचे बोलणे लांबले.

पण एका गोड शब्दाने हिशेब मिटला असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे अण्णांच्या वडिलांशी प्रतारणा ठरेल. बाजार बांधून झाला त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३७ च्या फेब्रुवारीत, 'टाइम' साप्ताहिकाने उस्मान अली खानांचे चित्र मुखपृष्ठावर छापले आणि त्यांना जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हटले. त्याच १९३७ साली, तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली. सभा भरवायलाही परवानगी लागे, अशा राज्यातली ती सभा. दुसऱ्याच वर्षी 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. एका हाताने शहरातील हवा मोकळी करणारे राज्य दुसऱ्या हाताने माणसांचा श्वास कोंडीत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

तशीच आणखी एक गोष्ट आहे, ती आपण मराठवाड्यात कमी बोलतो. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्ती आली. त्यानंतरच्या दिवसांत सूड म्हणून अनेक निरपराध मुसलमान मारले गेले. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याची पाहणी केली. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. आपले दुःख सांगताना शेजाऱ्याचे दुःख झाकून ठेवले तर इतिहास अर्धा राहतो, आणि अर्धा इतिहास पुढच्या पिढीच्या हाती शस्त्रासारखा जातो.

दुपारी आम्ही अण्णांना घेऊन जवळच्याच जांबागला गेलो. तेथे विवेकवर्धिनी आहे, हैदराबादेतील मराठी माणसांची शाळा, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघालेली. ती काढणाऱ्यांत केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक होते. केशवराव मूळचे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील पुरजळचे. राजधानीत येऊन वकील झाले, पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि निजामाच्याच राज्यात मराठीच्या शिक्षणाचे घर बांधून १९३२ साली गेले. म्हणजे ज्या चौकात निजामपुत्राच्या नावाचा बाजार उठायचा होता, त्याच्या शेजारी आमच्या जिल्ह्यातील माणसाने आधीच दिवा लावून ठेवला होता. फाटकापाशी अण्णा बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हे गाव आपलंही होतं."

अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेथे मिळाले. बाजारावर नाव राजपुत्राचे आहे. पण दगड घडविले पाथरवटांनी. खजिन्यात पैसा आला तो औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांतूनही, म्हणजे ज्वारी-कापूस पिकविणाऱ्या, सारा भरणाऱ्या कुळांकडूनही. तेव्हा ही इमारत परक्याची म्हणून तिच्याकडे पाठ फिरविणे म्हणजे आपल्याच आजोबांच्या घामावरचा हक्क सोडून देणे होय. आणि राजाची देणगी म्हणून तिच्यापुढे मान तुकविणे हेही तितकेच खोटे. ती आपल्या पैशाची, आपल्या पूर्वजांच्या कष्टांची इमारत आहे. तिच्याकडे हिशेबाची वही उघडी ठेवून, पण द्वेष न ठेवता पाहता येते.

संध्याकाळी परतीच्या गाडीआधी अण्णाच म्हणाले, बाजार आतून पाहू. दिवे लागले होते. आवारात बुरख्यातील आया, कॉलेजची मुले, कपाळाला गंध लावलेले एक आजोबा असे सारे आइस्क्रीम खात होते. अण्णांनी कमानीच्या दगडावर तळवा ठेवला आणि काही बोलले नाहीत. मग सर्वांसाठी आइस्क्रीम मागविले आणि पैसे आम्हांला देऊ दिले नाहीत.

पहाटे परभणी आली. सिकंदराबादेतही एका बाजाराला 'मोंडा'च म्हणतात, ते नाव कालच कानी पडले होते. आज मोंढ्यावरून जाताना गाड्यांतून पोती उतरत होती. आमच्या तालुक्यांच्या गावांतही जुन्या कमानी, जुन्या वेशी, जुन्या पेठा आहेत. त्या कोणी बांधल्या याची भांडणे आपण करतो. त्या पडू लागल्या की मात्र कोणाच्याच नसतात. हैदराबादच्या बाजाराचा दगड लोकांनी काजळीखालून वर काढला. आमच्याकडील दगडांवर कोणी तळवा ठेवील काय?