दऱ्या की दर्या? एका चाचणी-यंत्रणेचा इतिहास

सेमाडोहच्या भोवती डोंगर आहेत, सिपना नदी आहे आणि दऱ्या आहेत. दर्या मात्र नाही. दर्या म्हणजे समुद्र, आणि तो मेळघाटापासून शेकडो किलोमीटर लांब. दोन शब्दांत फरक फक्त ‘र’च्या रूपाचा: एकात ‘य’ला चिकटलेला चंद्रकोरीसारखा अर्धा र, दुसऱ्यात डोक्यावरचा रफार. वाचताना आपण अडखळत नाही. कॉम्प्युटरला मात्र हा फरक शिकवावा लागला, आणि शिकवलेलं त्यानं विसरू नये म्हणून एक यंत्रणा उभारावी लागली. आज त्या यंत्रणेचा इतिहास बघू. संशोधनासाठी कोड लिहिणार असाल, तर तो तुमच्याही कामाचा आहे.

साठवणं वेगळं, दाखवणं वेगळं

युनिकोडमध्ये देवनागरी 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. ‘दर्या’ साठवताना 0926, 0930, 094डी, 092एफ, 093ई असे पाच क्रमांक लागतात. ‘दऱ्या’मध्ये 0930 च्या जागी 0931, म्हणजे ‘ऱ’, येतो. जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक असंही लिहीत. दोन्ही प्रकारे पडद्यावर दिसायला हवी ती चंद्रकोरच.

पण क्रमांकांवरून आकार निवडणं हे दुसऱ्याच सॉफ्टवेअरचं काम. याला शेपिंग म्हणतात. लिनक्सच्या दुनियेत पँगो आणि क्यूटी हे दोन प्रकल्प आपापल्या परीनं ते करत होते. 2006 मध्ये त्यांचा कोड एकत्र आणून हार्फबझ हा मुक्तस्रोत प्रकल्प झाला. हे नाव म्हणजे ‘ओपनटाइप’चं फारसी रूप. पुढे बेहदाद एस्फहबोद यांनी तो नव्यानं लिहिला. आज क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत हार्फबझ आहे.

बरोबर उत्तर कुणाचं?

भारतीय लिप्यांचा भाग 2012 च्या सुमारास नव्यानं बसवला जात होता, तेव्हा मोठा प्रश्न होता: निघालेला आकार बरोबर आहे हे ठरवायचं कसं? मार्ग असा काढला की वेगवेगळ्या विकिपीडियांतले शब्द घ्यायचे, ते हार्फबझ आणि विंडोजचं युनिस्क्राइब या दोन्हींतून काढायचे आणि फरक मोजायचे. देवनागरीचे 7 लाखांवर नमुने होते. सुधारणा होत होत फरक शंभराच्या आत आला.

आकडा भारी आहे. पण ही तुलना काय सांगते ते नीट बघा. ‘हे मराठी बरोबर आहे’ असं ती सांगत नाही, ‘हे युनिस्क्राइबसारखं आहे’ एवढंच सांगते. आणि लाखो नमुन्यांत दुर्मिळ रूप हरवतं. म्हणून प्रकल्पात नेमक्या अडचणींच्या छोट्या याद्याही ठेवल्या. देवनागरीच्या फोल्डरात एक फाइल खास या चंद्रकोरीसाठी आहे, एक त्या न दिसणाऱ्या जोडकासाठी.

याची गरज का? भारतीय लिप्यांचा बराचसा कोड सामायिक आहे. तोच जोडक बंगालीत य-फळ्यासाठी लागतो, जुन्या मल्याळममध्ये चिल्लू अक्षरांसाठी लागायचा. एका लिपीसाठी केलेली दुरुस्ती दुसरीत गडबड करू शकते, आणि दुरुस्ती करणाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही.

हार्फबझमधली एक चाचणी म्हणजे साध्या मजकुराची एक ओळ: कोणता फॉन्ट, कोणते क्रमांक, कोणते आकार अपेक्षित. कधी भाषाही सांगावी लागते, कारण मराठीतले ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे. रेड हॅटच्या लोहित कुटुंबात मराठीचा फॉन्ट आधी वेगळा होता, नंतर तो लोहित देवनागरीत सामावला.

यंत्रणा बदलत गेली

सुरुवातीला चाचण्या ऑटोटूल्सच्या आधारे एका कमांडनं चालायच्या. कमांड आपल्याच मशीनवर द्यायची, आणि द्यायची आठवणही आपणच ठेवायची. मग ट्रॅव्हिससारख्या सेवा आल्या आणि प्रत्येक बदलानंतर चाचण्या आपोआप चालू लागल्या. 2020 मध्ये मेसन ही नवी बिल्ड पद्धत आली. पुढे बरंच काम गिटहब ॲक्शन्सवर गेलं. आता लिनक्स, मॅकओएस, विंडोज या तिन्हींवर तपासणी होते.

2016 पासून गूगलच्या ओएसएस-फझसारखी सेवाही मिळू लागली. ती मुद्दाम मोडकेतोडके फॉन्ट तयार करून प्रोग्राम कोसळतो का ते बघते. कोसळला तर तो फॉन्ट कायमची चाचणी म्हणून जपून ठेवतात. पण फझरची मर्यादा ओळखा. प्रोग्राम कोसळला नाही की त्याचं समाधान. दऱ्याचा दर्या झाला तरी त्याला काहीच फरक पडत नाही.

मला या इतिहासात महत्त्वाचं वाटतं ते हे: चालवणारी साधनं एकामागून एक बदलली, पण चाचण्यांच्या ओळी टिकल्या. त्या साध्या मजकुरात होत्या, कुठल्याही साधनात अडकलेल्या नव्हत्या. म्हणून नव्या घरात उचलून नेता आल्या.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. चाचणी फक्त ‘कालच्यासारखंच आहे’ एवढं सांगते. काल चुकीचं उत्तर नोंदवलं असेल, तर यंत्रणा त्या चुकीचीच इमानदारीनं राखण करेल. पहिली अपेक्षित ओळ लिहिताना भाषा वाचणारा माणूस लागतो. ते काम कोणतीही नवी सेवा करून देत नाही.

तुमच्या कोडसाठी

पीएचडीचा कोड छोटा असतो, पण चार-पाच वर्षं चालवावा लागतो. त्या काळात लायब्ररी बदलतात, लॅपटॉप बदलतो. म्हणून ज्यांचं उत्तर हातानं पडताळता येतं असे दहा-बारा नमुने पहिल्याच महिन्यात निवडा. नमुना आणि अपेक्षित उत्तर साध्या फाइलमध्ये, कोडपासून वेगळं ठेवा. त्यात अवघड प्रकरणं हवीतच: रिकामी नोंद, शून्य, आणि मराठी गावांची नावं असतील तर ऱ्य, ऱ्ह असलेली नावं. एखादी चूक सापडली की ती दुरुस्त करण्याआधी तिची चाचणी लिहा.

आणि अपेक्षित उत्तर प्रोग्रामनं दिलं म्हणून जसंच्या तसं चिकटवू नका. त्या विषयातल्या माणसाला दाखवा. नकाशावर सेमाडोहजवळ ‘दर्या’ छापलेला दिसला, तर तो ओळखणारा माणूसच असेल.