बुरूड राजाचा कोट

आठवीची सहल आठवते? अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्यात बाईंनी विचारलं होतं, "स्तूप म्हणजे काय?" सगळे गप्प. मागून कोणीतरी "दगडी घुमट" म्हणालं आणि बाईंनी तेवढ्यावर भागवलं. त्यासाठी आपण रात्रभर एसटीत उलट्या सोसत गेलो होतो. विटांचा खराखुरा स्तूप आपल्याच वसई तालुक्यात, सायकलने जाता येईल इतका जवळ होता, हे मला कळायला चाळिशी यावी लागली. बाईंना दोष देत नाही. सोपारा आपल्यासाठी लोकलमध्ये घुसायचं स्टेशन होतं, इतिहासाचा धडा नव्हे.

धडा मात्र मोठा आहे. महाभारतातलं शूर्पारक ते हेच. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वृत्तान्तात कल्याणच्या जोडीने सोपाऱ्याचं नाव येतं. पुढे खाडी गाळाने भरली, व्यापार दुसऱ्या बंदरांकडे गेला, आणि स्तूपाची झाली टेकडी. गावकऱ्यांनी तिला नाव दिलं 'बुरूड राजाचा कोट'. म्हणजे टेकडी कधी हरवली नव्हती, तिचा अर्थ तेवढा हरवला होता. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे रोजचं आहे: फाइल जागेवर असते, पण ती कशासाठी लिहिली ते सांगणारा कंपनी सोडून गेलेला असतो.

तो अर्थ परत लावला पंडित भगवानलाल इंद्रजींनी. हा माणूस मला फार आवडतो. जन्म १८३९, जुनागढ. गिरनारच्या पायथ्याला अशोकाचा शिलालेख आहे. त्यातली अक्षरं ते लहान वयातच वाचायला शिकले. पुढे मुंबईला डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले आणि त्यांच्यासाठी देशभर फिरून शिलालेखांचे ठसे घेत राहिले. इंग्रजी बेताचंच होतं. ते गुजरातीत लिहीत, भाषांतर दुसरे करत. तरी १८८४ मध्ये लायडन विद्यापीठाने त्यांना मानाची डॉक्टरेट दिली.

१८८२ मध्ये त्यांना सोपाऱ्यात एका तळ्याजवळ दगडाचा फुटका तुकडा मिळाला. त्यावर थोडीच अक्षरं होती. पण गिरनारचा लेख ज्याच्या नजरेत लहानपणापासून बसलेला, त्याला ओळख पटायला फार वेळ लागला नसावा: अशोकाचा आठवा शिलालेख. अशोकाची आज्ञा कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती याचा हा पुरावा. (१९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचाही तुकडा सापडला.)

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुमारास, टेकडी खणली. सोबत मुंबई गॅझेटियरचे संपादक कॅम्पबेल होते. मधोमध विटांची कोठी लागली, तिच्यात दगडी गोल पेटी. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती बुद्धांच्या आठ काशाच्या मूर्ती, आठवी पुढे येणाऱ्या मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या करंडकात काय? सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याच्या बारीक खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून कोणीतरी जपलेल्या. एवढा बंदोबस्त खापऱ्यांसाठी! मला तरी या यादीत त्याच सर्वांत मोलाच्या वाटतात.

पेटीत गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही होतं, म्हणजे काळ इसवी सनाचं दुसरं शतक. मूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या. याचा सरळ अर्थ असा की मधल्या सहाएकशे वर्षांनंतर कोणीतरी स्तूप उघडला, आतलं काही न हलवता मूर्ती भोवती मांडल्या आणि पुन्हा बंद केला. त्या अनामिकांबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही. शोध लावण्याचं श्रेय पंडितजींचं खरंच, पण त्यांच्या हाती काही लागलं ते या लोकांमुळे.

मूर्ती आणि करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. आठव्या लेखाचा दगड छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ऑफिस फोर्टात असताना अनेक वर्षं मी या दोन्ही इमारतींसमोरून डबा हातात घेऊन धावत गेले आहे. शेवटी गेल्या वर्षी लेकीला घेऊन संग्रहालयात गेले. तिने विचारलं, "आई, यात लिहिलंय काय?"

घरी येऊन गिरनारच्या पूर्ण लेखाचा अनुवाद काढला आणि हसू आवरेना. आठवा लेख चक्क सहलींबद्दल आहे! पूर्वीचे राजे मौजेच्या सहलींना जात, शिकार करत. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेला आणि तेव्हापासून त्याने सहलीची रीत बदलली. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, वृद्धांना दान द्यायचं, आणि खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटून त्यांच्याशी बोलायचं. राजाला यात जास्त आनंद मिळतो, असंही लेखात नोंदवलेलं आहे.

नंतर आम्ही दोघी सोपाऱ्याला गेलो. आता तिथे विटांचा घेर उरला आहे, बाजूला घरं, वर्दळ. आतलं सगळं मुंबईला. लेक म्हणाली, "रिकामा डबा." मला उत्तर सुचलं नाही, म्हणून विटा दाखवल्या.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा वेळ मोकळा ठेवला आहे ना? मी साडेसातला नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला तिकीट खिडकीपाशी उभी असेन. रिक्षाने थोडंच अंतर आहे. बाईंना न्यायला मी गाडी पाठवते. त्यांनी तेवढा तो प्रश्न पुन्हा एकदा विचारायचा.